तुरुंगांत गेलेल्यांच्या घरची चूल

वर्गणीचें पुस्तक घेऊन कोणी दाराशीं आलें म्हणजे आपल्या घरांतून त्यास सहसा विन्मुख पाठविलें जात नाहीं. देवळाचा जीर्णोद्धार असो, महापुरांत वाहून गेलेलें गांव असो, कीं गरीब विद्यार्थ्याची फी असो; घरांतील वडील माणसें चष्मा सारखा करून आंकडा घालतात आणि माजघरांतून कोणीतरी पैसे आणून देतें. परंतु परदेशीं गेलेल्या एखाद्या मनुष्यास तेथील सरकारनें ‘तुला येथें राहण्याचा अधिकार नाहीं’ असें सांगून कोंडून ठेविलें आहे, त्याच्यासाठीं कांहीं द्या, असें कोणी म्हणाला तर तोच हात आंखडतो. त्यानें कायदा मोडला असेल, ही पहिली शंका. तो आपला कोण, ही दुसरी. आणि तिसरी शंका सर्वांत व्यवहारी: सरकारी कुलूप आपल्या दहा रुपयांनीं थोडेंच उघडणार आहे?

या शंका पोकळ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र त्यांचें उत्तर कोरड्या तर्कानें देण्यापेक्षां एका घडून गेलेल्या प्रकरणाकडे पाहावें हें बरें. १९०७ पासून १९१४ पर्यंत दक्षिण आफ्रिकेंत हजारों हिंदी लोक तुरुंगांत गेले, आणि त्यांच्यासाठीं हिंदुस्थानांत ज्यांनीं झोळी फिरविली त्यांत अग्रभागीं होते पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्या लढ्याचा इतिहास शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतो. त्या लढ्याचा जमाखर्च मात्र फारसा कोणी उघडून पाहत नाहीं. आणि आमच्या मतें संसारी माणसांनीं वाचावें असें पुष्कळसें त्या जमाखर्चांतच आहे.

हे लोक तेथें गेले कसे, हें थोडक्यांत सांगतों. १८६० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत हिंदी मजुरांचें पहिलें जहाज डर्बनच्या बंदरास लागलें. पांच वर्षांचा करार करून उसाच्या मळ्यांत राबावयाचें; त्या ‘अॅग्रिमेंटा’चें मजुरांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें व मजुरांचे गिरमिटिये झाले. त्यांच्यामागून गुजराती व्यापारी गेले, मद्रासकडील फेरीवाले, धोबी, कारकून गेले. वस्ती वाढली तसें गोऱ्यांच्या मनांत भय शिरलें आणि कायदे होऊं लागले. ट्रान्सवाल प्रांतांत १९०७ सालीं असें ठरलें कीं, हिंदी मनुष्यानें बोटांचे ठसे देऊन नोंदणीचा परवाना घ्यावा व शिपायानें मागतांच तो दाखवावा. शेजारच्या नाताळ प्रांतांतून परवान्यावांचून ट्रान्सवालची हद्द ओलांडली तर तोहि गुन्हाच. म्हणजे कालपर्यंत जो रहिवासी होता तो एका रात्रींत ‘मज्जाव केलेला आगंतुक’ ठरे. बॅरिस्टर गांधींच्या सांगण्यावरून लोकांनीं परवाने नाकारले, आणि तुरुंग भरूं लागले.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. मॅजिस्ट्रेट बहुधा दंड किंवा कैद अशी शिक्षा सांगत असे. दंड भरला कीं मनुष्य त्याच संध्याकाळीं घरीं. पण सत्याग्रहींनीं दंड भरावयाचा नाहीं असें ठरविलें होतें. म्हणून त्यांच्यासाठीं जमलेला पैसा दंडासाठीं नव्हता. मग तो कशासाठीं होता?

तो घरच्या चुलीसाठीं होता. जोहान्सबर्गचा तामीळ फेरीवाला टोपलींत भाजी वा फळें घेऊन दारोदार फिरे. आज विकलें तर उद्यां शिजे. परवान्यावांचून फेरी केल्याबद्दल तो महिना दोन महिने सक्तमजुरीवर गेला कीं मागें बायको, तीन चार पोरें आणि खोलीचें भाडें. तुरुंगांत त्याला मक्याच्या पिठाची लापशी कां होईना, वेळच्या वेळीं मिळे. घरीं त्याची शाश्वती नसे. कोंडलेल्या मनुष्याला वाकविणारी वस्तु भिंत नसते. ‘आज घरीं काय शिजलें असेल’ हा विचार रात्रीं छातीवर येऊन बसतो, आणि त्या विचारापुढें भले भले धीराचे गडी सही करून मोकळे होतात. कोणत्याहि सरकारला ही गोष्ट समजते. आपल्याकडे ती समजावून सांगावी लागते, कारण आपल्याकडे कर्ता पुरुष अडला तर चुलते असतात, आत्या असते, आजोळ असतें. त्या बिचाऱ्यांचे चुलते तंजावरास, आजोळ त्रिचनापल्लीस आणि मध्यें सगळा समुद्र.

१९०९ सालीं लढा रेंगाळला होता. गांधी शिष्टमंडळ घेऊन इंग्लंडला गेले, तेथून रित्या हातानें परत निघाले. फंड आटत आलेला, लोक दमलेले. नोव्हेंबरच्या अखेरीस ते केपटाउनला उतरले तों गोखल्यांकडून आलेली बातमी तारेनें मिळाली कीं, मुंबईच्या रतन जमशेटजी टाटांनीं पंचवीस हजार रुपये दिले आहेत. त्या काळचे पंचवीस हजार! पुढें त्यांनीं आणखी देणग्या दिल्या. एकंदर आंकडा सव्वा लाखावर गेला. निजामांनीं दिले, आगाखानांनीं आपल्या लोकांकडून जमविले. आणि हें सर्व जुळून यावें म्हणून हेन्री पोलक या नांवाचा एक इंग्रज तरुण, स्वतः वकील, हिंदुस्थानभर गांवोगांव व्याख्यानें देत फिरत होता, व त्याला सभा, अध्यक्ष आणि श्रोते मिळवून देण्याचें काम गोखल्यांचें व त्यांच्या भारतसेवक समाजाचें होतें. मोठ्या देणग्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं. ज्यांनीं चार आणे, आठ आणे दिले त्यांचीं नांवें कोठें आलीं असतील तर ज्यानें ते गोळा केले त्याच्या वहींत. आमची अशी समजूत आहे कीं, अशा कामांत मोठी देणगी फंड उभा करिते, पण लहान देणग्या त्याला पाठीराखे मिळवून देतात. ज्यानें चार आणे दिले तो दुसऱ्या दिवशीं तारेची बातमी वाचतोच.

आतां पैसा आला म्हणजे प्रश्न सुटला असें वाटेल. खरा प्रश्न तेथून सुरू झाला. सुरुवातीस पद्धत अशी होती कीं, तुरुंगांत गेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास दरमहा रोख रक्कम द्यावयाची. किती? सर्वांना सारखी देतां येईना. एकट्या ब्रह्मचाऱ्यास आणि पांच पोरांच्या बापास सारखी देणें हा न्याय कसा? म्हणून कुटुंबानेंच आपली कमींत कमी गरज सांगावी व फंडानें विश्वासावर द्यावी असें ठरलें. बहुतेकांनीं खरें सांगितलें. कांहींनीं सांगितलें नाहीं. आणि कांहीं असेहि निघाले कीं, ‘आम्ही अमुक तऱ्हेनें राहणारीं माणसें, त्याच तऱ्हेनें आम्हांस राहतां आलें पाहिजे’ असा त्यांचा आग्रह. गांधींनीं हें सारें पुढें आपल्या दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासांत लपवून न ठेवतां लिहिलें आहे. कमी मागणाऱ्या सज्जनावर अन्याय आणि जास्त मागणाऱ्या धूर्ताला बक्षीस, असा त्या पद्धतीचा शेवट होऊं घातला होता. ज्या घरांत चार भाऊ आणि एक तिजोरी आहे तेथील माणसांस हें अधिक फोड करून सांगावयास नको.

त्यावर निघालेला तोड आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटतो. रोख वाटणें बंद, सर्व कुटुंबांनीं एका जागीं येऊन राहावें, एका चुलीवर जेवावें, जमेल तें काम करावें. थोडक्यांत, एकत्र कुटुंब करावें. हर्मन कॅलनबॅक या जर्मन ज्यू वास्तुशिल्पकारानें जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर, लॉली स्टेशनाजवळ, अकराशें एकर जमीन घेतली आणि १९१० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस ती सत्याग्रहींच्या कुटुंबांस भाड्यावांचून वापरावयास दिली. तिला टॉलस्टॉय फार्म असें नांव ठेविलें. हजारभर फळझाडें, दोन विहिरी, एक लहानसा झरा, आणि टेंकडीच्या पायथ्याशीं एक घर. पहिली वस्ती म्हणजे चाळीसेक तरुण, दोन तीन म्हातारे, पांच बायका आणि वीस तीस मुलें. गुजराती, तामीळ, तेलुगु, हिंदुस्थानी. हिंदु, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती.

एवढ्या जातीधर्मांचीं माणसें एका पंक्तीस बसवावयाचीं म्हणजे पहिला प्रश्न स्वयंपाकाचा. दोन चुली मांडल्या तर खर्च दुप्पट, आणि एक मांडली तर कोणाच्या पद्धतीची? मुसलमान व ख्रिस्ती मंडळींस मांस हवें असल्यास तें नाकारावयाचें नाहीं, असें गांधींनीं मनाशीं ठरविलें होतें, कारण त्यांचे कर्ते पुरुष तुरुंगांत होते आणि हा पैसा त्यांच्या नांवानेंच आलेला होता. प्रश्न बायकांपुढें मांडला. त्या आपण होऊन शाकाहारी स्वयंपाकास कबूल झाल्या. दुसऱ्याच्या धर्मावर आपला नियम लादूं नये हा शहाणपणा आणि दुसऱ्याच्या अडचणीसाठीं आपली आवड सोडावी हा मोठेपणा, हीं दोन्ही एका स्वयंपाकघरांत एकदम क्वचितच सांपडतात.

काटकसर कशी होती हें पाहण्यासारखें आहे. पीठ हातानें चालणाऱ्या जात्यावर घरींच दळावयाचें, पाव घरींच भाजावयाचा, कॉफीच्या ऐवजीं गहूं भाजून त्याची पूड करावयाची, लोण्याच्या ऐवजीं भुईमूग वाटून. संत्र्यांचा मुरंबाहि घरचाच. नोकर एकहि नाहीं. भंगीकामापासून सुतारकामापर्यंत सर्व आपल्या हातांनीं. कॅलनबॅक एका ख्रिस्ती मठांत जाऊन चपला करावयास शिकून आले व त्यांनीं ती विद्या इतरांस दिली. जोहान्सबर्गला फार्मच्या कामासाठीं जावयाचें तर आगगाडीच्या तिसऱ्या वर्गानें. स्वतःच्या कामासाठीं किंवा मौजेसाठीं जावयाचें तर पायीं, आणि शिदोरी बरोबर बांधून. पहाटे दोनला निघावें, सहा सात तासांत शहर गांठावें. या एका नियमानें शेंकडों रुपये वांचले असें गांधींनीं लिहिलें आहे. ज्या पैशाची जमा हिंदुस्थानांतल्या कोणा विधवेच्या चार आण्यांपासून होते त्याचा खर्च अशाच हातानें व्हावा. आमच्याकडील कित्येक फंडांच्या चिटणीसांना या एकवीस मैलांची आठवण द्यावीशी वाटते. पण तो विषय निराळा.

१९१२ सालच्या ऑक्टोबरांत गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. प्रकृति मधुमेहानें पोंखरलेली, तरी ते टॉलस्टॉय फार्मवर राहावयास आले. स्टेशनापासून दीड मैल चालत यावयाचें होतें, वाटेंत पाऊस लागला, त्यांना थंडी बाधली. फार्मवर खाट नव्हती. त्यांच्यासाठीं एक उसनी आणून ठेविली होती. बाकीचे सर्व भुईवर निजतात हें पाहतांच त्यांनीं ती काढावयास लावली आणि आपलें अंथरूण जमिनीवर घातलें. ज्या झोळीसाठीं आपण तीन वर्षें हिंदुस्थानांत शब्द टाकीत होतों ती कोठें रिती होते हें त्यांनीं असें स्वतः पाहिलें. असल्या पाहणीची किंमत वार्षिक अहवालाच्या शंभर पानांना नाहीं.

यानंतरची एक हकीकत मोठी हृद्य आहे. लढा पुन्हां पेटणार असें दिसूं लागलें तेव्हां गोखल्यांनीं गांधींस विचारिलें कीं, तुमच्याजवळ तुरुंगांत जाणारे लोक नक्की किती? गांधींनीं प्रामाणिकपणें कळविलें: फार तर पांसष्ट सहासष्ट, निदान सोळा. आणि एवढ्या थोड्या लोकांसाठीं हिंदुस्थानकडून पैशाची अपेक्षा मी करीत नाहीं, असेंहि कळविलें. गोखल्यांनीं उत्तर दिलें त्याचा आशय असा होता कीं, तुमचें कर्तव्य जसें तुम्हांस समजतें तसें आमचें येथें आम्हांस समजतें. तें आम्हांस शिकवूं नका. देणाऱ्यानें घेणाऱ्याचा संकोच असा दूर करावा लागतो. आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला ‘आज तुझा वार आहे ना, मग उशीर कां केलास’ असें दटावून पानावर बसविणाऱ्या गृहिणी होऊन गेल्या. ती रीत गोखल्यांना पुण्यांत वेगळी शिकावी लागली नसेल.

सोळांचे हजारों झाले ते १९१३ सालीं. त्या वर्षीं मार्च महिन्यांत केपच्या न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, ख्रिस्ती पद्धतीनें न लागलेलीं व सरकारांत न नोंदलेलीं लग्नें तेथें लग्नें नव्हेत. म्हणजे सप्तपदी केलेली पत्नीहि कायद्याच्या डोळ्यांपुढें पत्नी राहिली नाहीं. सप्टेंबरांत फिनिक्स आश्रमांतून सोळा जण निघाले. त्यांत चार स्त्रिया, त्यांपैकीं एक कस्तुरबा. परवान्यावांचून ट्रान्सवालच्या हद्दींत पाऊल टाकलें, पकडले गेले, आणि तीन तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. कस्तुरबा तुरुंगांतून बाहेर आल्या तेव्हां त्यांच्या अंगांत त्राण उरलें नव्हतें.

दुसरीकडून टॉलस्टॉय फार्मवर राहिलेल्या बायका, त्यांतील कित्येक तान्हीं मुलें कडेवर घेऊन, नाताळांतील न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींपाशीं गेल्या. गिरमिट संपलेल्या मजुरास तेथें राहावयाचें असेल तर दरसाल तीन पौंड कर होता. ज्याला महिन्यास दहा बारा शिलिंग मिळत त्याला तीन पौंड म्हणजे अर्ध्या वर्षाची मिळकत. बायकांनीं मजुरांस सांगितलें कीं, हा कर जाईपर्यंत काम बंद ठेवा. काम बंद झालें. मालकांनीं खोल्यांचें पाणी व दिवे तोडले, आणि मजूर बायकापोरांसह, डोक्यावर वळकटी घेऊन रस्त्यावर आले.

आतां त्यांना खाऊं घालावयाचें कोणी? न्यूकॅसलच्या हिंदी व्यापाऱ्यांनीं भांडीं, तांदूळ आणि डाळ दिली. ६ नोव्हेंबर रोजीं चार्ल्सटाउनहून ट्रान्सवालच्या हद्दीकडे जो जमाव चालूं लागला त्याची मोजदाद गांधींनीं दिली आहे: २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया, ५७ मुलें. वाटेंत प्रत्येकाला दिवसाचें अन्न म्हणजे दीड पौंड पाव आणि एक औंस साखर. व्होल्क्सरस्टच्या एका गोऱ्या पाववाल्यानें स्टेशनांवर पाव पोंचविण्याचें पत्करलें आणि वजनांत किंवा वेळेंत एकदांहि फसविलें नाहीं. गृहिणींनीं हा हिशेब मनांत करून पाहावा. दोन हजारांवर माणसें, रोजचा पाव तीन हजार पौंडांवर, साखर दीडशें पौंडांच्या आसपास, आणि शेवट कधीं हें कोणासच ठाऊक नाहीं. पहिल्या अटकेनंतर गांधींना पन्नास पौंडांच्या जामिनावर सोडलें. तो कॅलनबॅकनीं भरला. जामीन घेण्यांत मौज नव्हती; घेतला तो मागें राहिलेल्या लोकांच्या पावाची व्यवस्था करावयाची होती म्हणून.

शेवटीं सर्वांस पकडून तीन गाड्यांत कोंबलें व पुन्हां नाताळांत नेलें. एवढे कैदी ठेवावयास तुरुंग कोठले? सरकारनें युक्ति काढली. खाणींच्या आवारांनाच तारेचें कुंपण घालून तीं तुरुंगाचा भाग म्हणून जाहीर केलीं, आणि खाणमालकांचे मुकादमच वॉर्डर नेमले. म्हणजे ज्या खाणींत काम करावयाचें नाहीं म्हणून लोक बाहेर पडले, तेथेंच त्यांना कैदी म्हणून राबावयास लावलें. नकार देणाऱ्यांना फटके बसले. ही बातमी आली तेव्हां संपाचा वणवा उसाच्या मळ्यांपर्यंत गेला.

हिंदुस्थानांत गोखले त्या वेळीं आजारी होते. त्यांनीं बिछान्यावरून काम चालविलें. आलेली प्रत्येक तार स्वतः वाचावयाची, वर्तमानपत्रांस व व्हाइसरॉयकडे कळवावयाची, आणि पैशासाठीं सभा भरवावयाच्या. प्रकृति जरा सांवरतांच ते स्वतः दौऱ्यावर निघाले. राजे, मोठे व्यापारी यांनीं दिलें, तसें शाळांतील मुलांनींहि दिलें. दिल्लीच्या कॉलेजांतील प्राध्यापक चार्ल्स अँड्र्यूज यांनीं आपल्या जवळची शिल्लक होती तेवढी या फंडांत घातली. मग गोखल्यांच्या सांगण्यावरून ते आणि पिअर्सन आफ्रिकेस गेले. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीं नोव्हेंबरांत मद्रासेस या कैद्यांविषयीं उघड सहानुभूति दाखविली, ही गोष्ट साम्राज्यांत अघटित मानली गेली. ती व्हाइसरॉयच्या थोरपणामुळें झाली असें म्हणावयास आमची हरकत नाहीं. पण गांवोगांवच्या वर्गणीच्या सभा झाल्या नसत्या तर त्या थोरपणाला वाट फुटली असती कीं नाहीं, याचा आम्हांस संशय आहे. पैसे मागावयास सभा भरते, आणि सभा भरली कीं सरकारास ती मोजावी लागते.

डिसेंबरांत गांधी, पोलक आणि कॅलनबॅक सुटले. १९१४ सालीं कायदा होऊन तीन पौंडांचा कर गेला आणि लग्नांना मान्यता मिळाली. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यांत वारले. त्यांचें वय पन्नाशीच्या आंत होतें.

फंडाला जें करतां आलें नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे. अठरा वर्षांचा नागाप्पन १९०९ च्या जुलैंत, आफ्रिकेच्या ऐन हिवाळ्यांत, तुरुंगांतील थंडीनें न्यूमोनिया होऊन गेला. नारायणस्वामी याला हद्दपार करून हिंदुस्थानांत धाडलें. तो परत आला तेव्हां कोणत्याहि बंदरांत उतरूं न दिल्यामुळें जहाजाच्या उघड्या डेकवर दिवस काढीत ऑक्टोबर १९१० मध्यें डेलागोआच्या उपसागरांत मेला. वल्लियम्मा सोळा वर्षांची. तुरुंगांतून ताप घेऊनच बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजीं गेली. यांच्या आईबापांस कोणता आंकडा पुरला असता?

उरलेल्या पैशाचें काय झालें? गांधी हिशेबाच्या बाबतींत फार कडक. १८९४ सालीं स्थापिलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसच्या वर्गणीची पावती आण्यापैशापर्यंत देण्याची शिस्त त्यांनीं पहिल्यापासून घातली होती. मुंबईंतील फंडाचे चिटणीस जहांगीर बोमनजी पेटिट होते. लढा संपून गांधी हिंदुस्थानांत परत आले त्यावर १९१५ सालच्या जूनमध्यें त्यांनीं पेटिटांस पत्र लिहून पैसा कसा खर्च झाला व शिल्लक कशाकडे लावावयाची याचा तपशील कळविला. कोणी मागण्यापूर्वीं हिशेब देणारा मनुष्य दुसऱ्यांदा झोळी घेऊन आला तर आपण त्याला दारांत उभा ठेवीत नाहीं.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. परदेशांत शिकावयास, नोकरीस गेलेलीं मुलें आतां पुष्कळ घरांतून आहेत, आणि त्यांतील सर्वांचींच कागदपत्रें नेहमीं सुरळीत असतात असें नाहीं. ५ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेरिकेच्या लष्करी विमानानें १०४ हिंदी लोक हातापायांत बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. त्यांत तिघे महाराष्ट्रांतील होते. अशा लोकांसाठीं तेथील आपल्या मंडळींत वर्गणी निघते तेव्हां पत्र किंवा निरोप येथपर्यंत येतो, आणि घरांत तोच प्रश्न उभा राहतो: कुलूप थोडेंच उघडणार आहे?

अमेरिकेपुरतें बोलावयाचें तर कधीं कधीं तें उघडतेंहि. तेथील कायद्यांत परवान्याच्या कारणावरून अडकलेल्या मनुष्याचा खटला चालू असतां जामिनाची तरतूद आहे. कमींत कमी रक्कम पंधराशें डॉलर, आणि प्रत्यक्षांत पुष्कळदां ती याच्या कित्येक पट सांगितली जाते. ती पुरी भरावी लागते. सर्वांसच जामीन मिळतो असें मात्र नाहीं. २०२५ पासून ही वाट पुष्कळांस बंद करण्याचा तेथील सरकारचा प्रयत्न आहे व त्यावरून कोर्टांत झगडे चालले आहेत. शिवाय हे खटले फौजदारी नव्हेत असें मानलें जात असल्यामुळें वकील सरकारी खर्चानें मिळत नाहीं. ज्यास वकील ठेवावयाचा त्यानें पदरच्या पैशानें ठेवावा. नाहींतर परक्या भाषेंत, परक्या कायद्यापुढें एकट्यानें उभें राहावें. म्हणून पहिला पैसा वकिलाकडे जावा, जामिनाचा त्यामागून, असें आम्हांस वाटतें. वकिलावांचून बहुतेकांस जामिनाचा अर्जहि धड करतां येत नाहीं.

आणि तिसरा वांटा घराचा. तेथील भाडें, मुलांच्या शाळेचीं वर्षें, येथील म्हाताऱ्या आईचें औषध. वर्गणी मागणाऱ्याच्या कागदावर याचा आंकडा नसेल तर तो विचारून घ्यावा. आंतल्या मनुष्याचा घरीं फोन लागतो तेव्हां त्याचा पहिला प्रश्न वकिलाविषयीं नसतो.

जामिनाच्या पैशाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. दानाचा रुपया गेला तो गेला. जामिनाचा तसा नाहीं. कैदी ठरल्या दिवशीं हजर राहत गेला आणि खटल्याचा निकाल लागला, मग तो कोणत्याहि बाजूनें कां असेना, तर रक्कम परत मिळते. तो चुकला तर सरकारजमा होते. परत मिळते ती मात्र ज्याच्या नांवानें भरली त्याला, वर्गणी देणाऱ्या पन्नास जणांना नव्हे. कित्येक ठिकाणीं असा परत आलेला पैसा पुढच्या कैद्यासाठीं फिरवितात, आणि एकाच रकमेवर एकामागून एक कित्येक जण सुटतात. तेव्हां भरणा कोणाच्या नांवानें करावयाचा, परत आल्यावर ती रक्कम कोठें जावयाची, आणि मध्यंतरीं पावती कोणाच्या कपाटांत राहावयाची, हें पैसे देण्यापूर्वीं कागदावर लिहून चार जणांच्या सह्या घ्याव्या. दोन भावांत मागाहून वांकडें येण्यास याहून लहान कारणें पुरतात.